जी गाडीत राहते ती सॅक नव्हे



पावसाळा सरत आला की नाशिककरांचा पाय घरात ठरत नाही. पांडवलेणी, चामर लेणी, रामशेज, अंजनेरी, ब्रह्मगिरी, सगळेच हाताशी. सकाळी निघावे आणि जोहरपर्यंत घरी परतावे. याच दिवसांत मेन रोड आणि शालिमारच्या दुकानांबाहेर पाठीवरच्या सॅकची तोरणे लागतात आणि आमच्याकडे विचारणा सुरू होते, "मुलीला सॅक घ्यायची आहे, डोंगरावरही चालेल आणि कॉलेजातही. कोणती घेऊ?"

या प्रश्नाचे उत्तर आम्हाला दुकानात मिळाले नाही. ते रामशेजच्या वाटेवर मिळाले. आधी तेच सांगतो.

मागच्या वर्षी सप्टेंबरातला रविवार. आम्ही नवरा-बायको, थोरली मुलगी, धाकटा मुलगा आणि अब्बा असे पाच जण रामशेजला निघालो. नाशिकपासून जेमतेम १५ किलोमीटर, पायथ्याला आशेवाडी गाव, वर जायला बऱ्याच ठिकाणी पायऱ्या. अब्बांनी वयाची पासष्टी ओलांडली आहे, साखरेचा आजार आहे, पण चालणे चांगले. निघायच्या घाईत त्यांनी गोळी घेतली आणि नाश्ता मात्र अर्ध्या पावावर उरकला. आम्ही म्हटले, वर जाऊन खाऊ. खायचे सगळे सॅकमध्ये होतेच.

सॅक कोणती? उमऱ्याला गेलो होतो तेव्हा टूरवाल्याने दिलेली, पाठीवर त्याचे नाव छापलेली. अशी एक बॅग आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असते. चांगली ऐसपैस, चाळीस-पंचेचाळीस लिटरची. तिच्यात डबे, चादर, पाण्याच्या बाटल्या, बिस्किटे, अब्बांची औषधे, असे सगळे भरले होते. पायथ्याशी गाडीतून काढली तर उचलवेना. "तासाभराचे तर काम आहे, राहू दे गाडीतच," असे आमच्यातलेच कोणी तरी म्हणाले. कोण, ते आता आठवत नाही. बहुधा आम्ही सगळेच म्हणालो. हातात एक पाण्याची बाटली घेतली आणि चढू लागलो.

निम्म्या वाटेवर अब्बा एका दगडावर बसले. दम लागला असेल असे वाटले. पण त्यांना दरदरून घाम सुटला होता, हात थरथरत होते आणि आम्ही विचारलेल्या प्रश्नाला ते भलतेच उत्तर देत होते. साखर उतरली होती. साखर, बिस्किटे, गोळ्या, सगळे होते, पण पायथ्याला, कुलूपबंद गाडीत. धाकटा धावत सुटला. तो खाली जाऊन परत येईपर्यंत किती वेळ लागला असता, याचा विचार आजही करवत नाही.

तेवढ्यात कॉलेजातल्या मुलामुलींचा एक घोळका वरून उतरत आला. त्यातल्या एका मुलीने अब्बांकडे एकदा पाहिले आणि पाठीवरची सॅक पुढे घेऊन चेन उघडली. सॅक एवढीशी, आमच्या धाकट्याच्या दप्तराहूनही लहान. वरच्याच कप्प्यातून तिने ग्लुकोजची पुडी काढली, आमच्याच बाटलीत ढवळली आणि म्हणाली, "आजोबा, हे हळूहळू प्या. सगळे प्या." पंधरा-वीस मिनिटांत अब्बांच्या चेहऱ्यावर रंग आला. मुलगी तोवर थांबली, मग सलाम करावा तशी मान हलवून आपल्या घोळक्याबरोबर निघून गेली. तिचे नाव विचारायचेही आम्हाला सुचले नाही.

घरी आल्यावर अम्मींनी एकच वाक्य ऐकवले, "सामान होते म्हणता, मग कुठे होते?" त्या वाक्याने आम्हाला सॅकचा पहिला आणि शेवटचा नियम शिकवला. जी गाडीत राहते ती सॅक नव्हे. माणसाबरोबर जाते तीच सॅक. आणि माणसाबरोबर जायची तर ती लहान हवी, हलकी हवी आणि पाठीवर आहे हे विसरायला लावणारी हवी. बाकीचे सगळे यातूनच निघते.

आधी चादर, मग दुकान

दुसऱ्या रविवारी आम्ही सॅक घेणार असे ठरवले तेव्हा अम्मींनी हरकत घेतली. "घरात सात पिशव्या पडून आहेत. आठवी आणणार? हा इसराफ नाही तर काय?" हरकत रास्त होती. म्हणून दुकानात जाण्याआधी आम्ही घरात चादर पसरली आणि दिवसभर बाहेर राहायचे तर खरोखर काय लागते, ते एकेक करून तिच्यावर मांडले. एक लिटरची पाण्याची बाटली, जेवणाचा लहान डबा, अब्बांची औषधे, ग्लुकोजची पुडी, पावसाचे पातळ जाकीट, लहान टॉवेल, टॉर्च, मोबाईल चार्ज करायची पॉवर बँक, घडी करून तळहाताएवढी होणारी पातळ जानमाज, पट्टी-मलम. उमऱ्याच्या बॅगेत यापेक्षा जास्त काय होते ते पाहिले, तर दोन चादरी, तीन मोठे डबे, आणखी तीन बाटल्या आणि कुणी तरी "असू द्या" म्हणून टाकलेल्या बऱ्याच वस्तू.

मांडलेले सगळे स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलले. साडेतीन किलो भरले. त्यात सव्वा किलो एकटी पाण्याची भरलेली बाटली. पाण्याचे गणित सोपे आहे, एक लिटर म्हणजे एक किलो. उन्हाळ्यात किंवा लांबच्या चढाला दोन लिटर लागतेच, तिथे काटकसर करू नये. काटकसर करायची ती "असू द्या" या वस्तूंवर.

दिवसभराच्या भटकंतीत पाठीवरचे ओझे आपल्या वजनाच्या दहाव्या भागाच्या आसपास ठेवावे, असा साधारण सल्ला दिला जातो. थोरलीचे वजन ४८ किलो, म्हणजे पाच किलोच्या आत. साडेतीन किलो सामान आणि अर्ध्या किलोची सॅक, हिशेब बसला. तुम्हीही हेच करा. सामान एका कापडी पिशवीत भरा आणि ती पिशवी घेऊनच दुकानात जा. दुकानदार हसेल, हसू द्या. तिथे सामान भरून, पाठीवर घेऊन, दुकानात दहा मिनिटे फिरून पाहिल्याशिवाय सॅक घेऊ नका. आत कागदाचे बोळे कोंबलेली सॅक सगळ्यांच्याच पाठीवर छान दिसते.

लिटरचे कोडे

सॅकचे माप लिटरमध्ये सांगतात. आत किती जागा आहे, एवढाच त्याचा अर्थ. १० लिटरची सॅक म्हणजे पाणी, औषध, खाऊ आणि एक जाकीट; सकाळच्या फेरफटक्याला, अब्बांसारख्या माणसाला किंवा लहान मुलाला पुरते. १५ ते २० लिटरमध्ये डोंगरावरचा एक दिवस आणि कॉलेजचा किंवा ऑफिसचा एक दिवस, दोन्ही बसतात. २५ ते ३० लिटर तेव्हाच, जेव्हा एकच माणूस दोन लहान मुलांचेही सामान वाहणार असेल किंवा लॅपटॉप आणि डबा रोज एकत्र जाणार असतील. चाळीसच्या पुढची मुक्कामाची.

मोठी घेतली की ती भरली जाते. रिकामी जागा आपल्याला बघवत नाही, हा घरातल्या कपाटांचा अनुभव आहे, तोच सॅकचाही. लहान सॅक घरातूनच विचारते, "हे खरेच हवे का?" तो प्रश्न पायथ्याशी पडण्यापेक्षा घरात पडलेला बरा.

रोजच्या वापराला दोन गोष्टी जरूर पाहा. एक, चेन पुरेशी खालपर्यंत उघडते का. फक्त वरून तोंड उघडणाऱ्या सॅकमध्ये तळाशी गेलेली किल्ली शोधायला सगळा बाजार मांडावा लागतो. दुसरे, बाहेरच्या बाजूला, हात घालताच मिळेल असा एक लहान कप्पा आहे का. आमच्या घरी तो कप्पा औषधांचा. त्यात दुसरे काही ठेवायचे नाही. कप्पे मात्र फार नकोत. दहा कप्पे असले की वस्तू अकराव्यात आहे असे वाटत राहते.

पाठ, खांदे आणि बुरखा

एका खांद्यावरची पिशवी दिसायला सुटसुटीत. पण तिचा भार एकाच बाजूला पडतो, ती घसरते आणि सावरायला एक हात अडकतो. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हरिहरवर जाऊन पाहा. तिथल्या कातळात कोरलेल्या पायऱ्या जवळजवळ उभ्या आहेत आणि त्यांच्या कडेला हाताने धरायला खोबण्या कोरल्या आहेत. चढताना दोन्ही हात त्या खोबण्यांत. तिथे खांद्यावरून घसरणारी पिशवी किंवा हातातली बाटली म्हणजे धोका. थोरली कॉलेजच्या ग्रुपबरोबर तिथे जाऊन आली. त्यांच्या सोबत आलेल्या जाणत्या माणसाने निघण्यापूर्वी प्रत्येकाची सॅक तपासली आणि बाहेर लटकणारे सगळे आत घालायला लावले. बाटली, टोपी, किल्ल्यांचा जुडगा, काहीच बाहेर नको. लटकणारी वस्तू अडकते, तोल जातो आणि मागच्याच्या डोक्यावरही पडते.

म्हणून दोन पट्ट्यांचीच सॅक घ्या आणि दोन्ही पट्टे वापरा. पट्टे रुंद असावेत, आत फोम असावा, पण दाबला की पुन्हा उसळी घेणारा. बोटाने दाबल्यावर खड्डा तसाच राहिला तर तो फोम एका पावसाळ्यात बसतो. सॅकचा तळ कमरेच्या खाली लोंबता कामा नये. मुले पट्टे सैल सोडून सॅक नितंबावर आपटवत चालतात, त्याने ओझे मागे ओढते आणि माणूस पुढे वाकतो. जड वस्तू पाठीला चिकटून, मध्यावर ठेवा. बाहेरच्या बाजूला जाकीट-टॉवेलसारख्या हलक्या.

आता भगिनींसाठी थोडे. बुरख्याचे कापड बहुधा गुळगुळीत असते आणि त्यावरून पट्टे घसरतात. त्यासाठी छातीवरून जोडणारा आडवा पट्टा असलेली सॅक घ्यावी, पण तो पट्टा वर-खाली सरकवता यायला हवा, नाही तर नको त्या जागी आवळतो. पट्ट्यांच्या आतल्या बाजूला जाळीदार कापड असले तर पकड बरी राहते. हिजाबचे किंवा ओढणीचे टोक सॅक घेण्यापूर्वी पट्ट्याखालून बाहेर काढून घ्या, कारण मागून मान ओढली जाते ती तिथूनच. आणि दुकानात जाताना जो पेहराव करून बाहेर पडणार, तोच घालून जा. सलवार-कुर्त्यावर बसलेली सॅक बुरख्यावर तशीच बसेल असे नाही. आमच्या घरी दोघींनी दोन वेगवेगळ्या सॅक पसंत केल्या त्या यामुळेच.

मामूंचा अंगठा

कापडाचे ज्ञान आम्हाला मालेगावच्या मामूंकडून मिळाले. त्यांची हयात यंत्रमागावर गेली. आम्ही घेतलेली पहिली सॅक त्यांना दाखवली तेव्हा त्यांनी नाव पाहिले नाही, किंमत विचारली नाही. कापड अंगठा आणि तर्जनीत धरून चोळले, उजेडासमोर धरले, मग पट्टा जिथे शिवला आहे ती जागा उलटून पाहिली आणि म्हणाले, "कापड बरे आहे. शिलाई नाही टिकणार." चार महिन्यांत पट्टा मुळापासून उसवला.

सॅकच्या चिठ्ठीवर "६०० डी" असे काही लिहिलेले असते. हा डी म्हणजे डेनिअर. ९,००० मीटर धाग्याचे वजन जितके ग्रॅम, तितके डेनिअर. मामूंनी फरक छान सांगितला. सुती धाग्याचा काउंट वाढला की धागा बारीक होतो. डेनिअर वाढले की जाड. २१० डेनिअरचे कापड हलके, घडी करून खिशात मावणाऱ्या सॅकचे. ४२० ते ६०० डेनिअर रोजच्या सॅकला पुरेसे. हजाराच्या पुढचे दणकट, पण जडही, आणि लहान सॅकला एवढे चिलखत लागत नाही. नायलॉन घासण्याला जास्त टिकते, पॉलिस्टर उन्हाला. कापडावर लहान लहान चौकडी दिसली तर ती नक्षी नसते. मध्ये मध्ये जाड धागा घालून विणलेले असते, म्हणजे एकदा फाटले तरी चीर पुढे पळत नाही.

कापडापेक्षा आधी मरते ती चेन. चेनचा एक नंबर असतो आणि तो साधारणपणे बंद चेनच्या दात्यांची मिलिमीटरमधली रुंदी सांगतो. बाहेरच्या लहान कप्प्याला ५ नंबर चालतो, पण मुख्य तोंडाला ८ किंवा १० असेल तर जास्त दिवस जाते. दुकानात चेन पंधरा-वीस वेळा उघडझाप करून पाहा, विशेषतः कोपऱ्यावर. तिथे अडकली तर ती सॅक तिथेच ठेवा.

मग पट्ट्याचे मूळ पाहा. तिथे एकाच रेघेची शिलाई नको. आडवी, दाट, पुन्हा पुन्हा मारलेली शिलाई हवी. सॅक उलटी करून आतली शिवण पाहा, कापडाच्या कडांना पट्टी लावून बंद केले आहे की धागे लोंबताहेत? बाहेरून सगळ्या सॅक सारख्या असतात. खरे-खोटे आत कळते.

घरात जुनी चांगली सॅक असेल आणि फक्त चेन गेली असेल, तर नवी घेण्याआधी दुरुस्तीवाल्याकडे जा. पुष्कळदा चेन खराब नसते, तिचा रनर झिजलेला असतो, आणि जुन्या नाशकात रनर बदलून देणारे, पट्टा पुन्हा मारून देणारे कारागीर अजून आहेत. आमची उसवलेली सॅक अशाच एकाने जाड दोऱ्याने शिवून दिली. ती आज धाकट्याच्या क्रिकेटच्या सामानाला आहे. अम्मींचा इसराफचा प्रश्न निम्मा तिथे सुटला. उरलेला निम्मा, घरातल्या दोन न वापरल्या जाणाऱ्या बॅगा गरजू मुलांना दिल्या तेव्हा.

एक गंमत सांगायची राहिली. आपले नाशिक हे प्रवासी बॅगांचेच गाव आहे. मुंबई-आग्रा महामार्गावर गोंद्याला सॅमसोनाइटचा मोठा कारखाना आहे आणि व्हीआयपीचे कारखानेही आपल्याच जिल्ह्यात आहेत. मात्र तिथे मुख्यतः कडक कवचाच्या, चाकांच्या बॅगा बनतात. डोंगरावर चाके चालत नाहीत, म्हणून आपल्याला पाठीवरची शोधावी लागते.

पाऊस आणि माकडे

इगतपुरी-त्र्यंबकचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना "वॉटरप्रूफ" या शब्दाचा भरवसा वाटत नाही. कापडाच्या आतल्या बाजूला लेप असतो, पण पाणी शिवणीतून आणि चेनमधून शिरते. तो लेपही काही वर्षांत चिकट होऊन पापुद्र्यासारखा निघू लागतो. वरून घालायचे आवरण मिळते, तेही पाठीकडची बाजू उघडीच ठेवते आणि पाठीवरून ओघळलेले पाणी तिथून आत जाते. स्वस्त उपाय असा की सॅकच्या आत एक जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालावी, सगळे सामान त्यात आणि तोंड पिळून दुमडून टाकावे. औषधे आणि मोबाईल आणखी एका लहान पिशवीत. ही पिशवी घरी परत आणायची, डोंगरावर सोडायची नाही.

दुसरा त्रास माकडांचा. ब्रह्मगिरीवर त्यांना बाटली आणि खाऊ ओळखता येतो. बाजूच्या जाळीत ठेवलेली सरबताची बाटली किंवा हातातली पारदर्शक पिशवी म्हणजे त्यांना आमंत्रणच. खाऊ आत, चेन पूर्ण बंद, आणि त्यांच्या समोर सॅक उघडायची नाही, की मग बहुधा ती वाटेला जात नाहीत.

दप्तर वेगळे, सॅक वेगळी

लहान मुलांना "एकच सॅक, शाळेलाही आणि फिरायलाही" हे सोयीचे वाटते, पण त्यातून मोठी सॅक घेतली जाते आणि मोठे दप्तर भरत जाते. हा प्रश्न जुना आहे. कादंबरीकार आर. के. नारायण राज्यसभेवर नियुक्त होते, तेव्हा १९८९ मध्ये त्यांनी सभागृहात मुलांच्या दप्तराच्या ओझ्यावर भाषण केले. पुढे प्राध्यापक यशपाल यांच्या समितीने १९९३ मध्ये ओझ्याविना शिक्षणाचा अहवाल दिला. २०१५ मध्ये आपल्या राज्य सरकारने दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त नसावे असा निर्णय काढला, आणि २०२० च्या केंद्राच्या दप्तर धोरणातही पहिली ते दहावीसाठी हेच प्रमाण आहे. पहिली-दुसरीच्या मुलाचे दप्तर १.६ ते २.२ किलोच्या आत असावे, असे त्यात म्हटले आहे.

नियम आहे, पण काटा आपल्या घरात आहे. आज रात्री मुलाचे दप्तर तोलून पाहा. आम्ही तोलले तेव्हा धाकट्याच्या दप्तरातून दोन किलो जास्तीचे निघाले, त्यात मागच्या वर्षीची एक वही आणि एक गुळगुळीत दगड होता. दगड त्याने परत मागून घेतला, वही नाही.

औषधाच्या कप्प्याचे

ज्या गोष्टीपासून हे सारे सुरू झाले तिच्याबद्दल नीट सांगणे आमच्यावर कर्ज आहे. घरात कुणी साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेत असेल तर उपाशीपोटी चढाला नेऊ नका. चालण्याच्या दिवशी गोळी आणि खाणे यांचे कसे बसवायचे, ते त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारा. घाम, थरथर, धडधड, चिडचिड, असंबद्ध बोलणे ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, म्हणजे साधारण तीन चहाचे चमचे, पाण्यात द्यावी, १५ मिनिटे थांबावे, फरक नसेल तर पुन्हा द्यावी. नंतर पोळी किंवा बिस्किटांसारखे काही खायला द्यावे. केवळ बिस्किटांवर विसंबू नये, त्यांना वेळ लागतो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. ताबडतोब दवाखाना गाठावा किंवा १०८ ला फोन करावा. इन्सुलिन तापलेल्या गाडीत कधीही ठेवू नये, ते निकामी होते.

त्या कप्प्यात आम्ही एक जाड कागदाचे कार्डही ठेवतो. नाव, आजार, चालू औषधे, रक्तगट आणि घरचे दोन फोन नंबर. मराठीत लिहिलेले, ठळक अक्षरांत. डोंगरावर मदतीला येणारा माणूस आपला ओळखीचा नसतो, हे आम्ही पाहिले आहे.

शेवटी काय घेतले? थोरलीला १८ लिटरची, छातीच्या पट्ट्याची. ती कॉलेजातही तीच नेते. आणि एक १० लिटरची, साध्या पॉलिस्टरची, फारशी महाग नसलेली. ती आम्ही घरासाठी म्हणून घेतली होती, पण अब्बांनी पहिल्याच दिवशी हात पुढे केला, "ही माझी. माझे ओझे मी उचलीन." आम्हाला वाटले त्यांना त्रास होईल. तसे झाले नाही. रिकामी तीनशे ग्रॅम, भरून दीड किलो. उलट आता ते कुणाच्या पाठीवरच्या सामानावर अवलंबून नाहीत. सकाळच्या फेरफटक्याला, दवाखान्यात, बँकेत, जुम्याला मशिदीत, सगळीकडे ती बरोबर असते. रात्री झोपण्याआधी औषधाचा कप्पा उघडून ग्लुकोजची पुडी आहे का ते स्वतः पाहतात आणि चेन लावतात.

जानेवारीत आम्ही पुन्हा रामशेजला गेलो. या वेळी नाश्ता करून. गाडीत काहीच ठेवले नाही, कारण ठेवण्यासारखे काही नेलेच नव्हते. अब्बा वरपर्यंत आले, सावलीत बसले, सॅक उघडून सगळ्यांना खजूर वाटले आणि धाकट्याला विचारले, "तुझ्यात काय आहे?" त्याने सॅक उघडून दाखवली. पाणी, टोपी, आणि एक गुळगुळीत दगड.

तुमच्या घरातून कोणाची सॅक काय घेऊन बाहेर पडते, ते आम्हाला जरूर कळवा. आणि नवी घेण्याआधी एकदा चादर पसरा.

खुदा हाफिज.